फक्कीच्या सात पायऱ्या

“आणि सगळ्यात उंच काय ठेवलंस?”

पाळकबाबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. हातातल्या भुईमुगाच्या शेंगेवरून नजर मात्र एकदाही उचलली नाही.

“मनोरा, बाबा. सत्तर फूट. मघाशीच सांगितलं.”

“हं… आणि सगळ्यात खाली?”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे खाली रे.”

शांतवनने दातांवर दात दाबले. खाटेवर पसरलेला नव्या चर्चचा नकाशा वाऱ्याने सारखा गुंडाळला जात होता, म्हणून बाबांनी त्यावर शेंगांचं टोपलं ठेवलं होतं. ते नेमकं वेदीवर आलं होतं.

“जोतं,” तो म्हणाला. “चार फूट. काळ्या दगडाचं. समोर चढायला सात पायऱ्या.”

“सात…”

बाबांनी शेंग फोडली. दाणे एका बाजूला टाकले, टरफल दुसऱ्या बाजूला.

पाळक शांतवन मकासरे हा मोहरवाडीचाच मुलगा. योहान उजागरे, म्हणजे हे पाळकबाबा, यांच्याच ओसरीत बसून तो पवित्र शास्त्र वाचायला शिकला होता. पुढे बंगळुरूला गेला, पाळक झाला, आणि बाबा थकल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच जागी नेमला गेला.

येताना तो एक प्रबंध घेऊन आला होता. चर्चची बांधणी आणि समाजाची श्रद्धा, असा त्याचा विषय. माणसं कशाला मोठं मानतात ते त्यांच्या चर्चच्या भिंतीच सांगतात, असं त्याचं म्हणणं. वेदी किती उंच, दारं किती, उजेड कुठून येतो, हे पाहिलं की त्या लोकांनी देवाला मनात कुठे बसवलंय ते कळतं. परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली होती. ती थाप अजून पाठीवरून उतरली नव्हती.

त्या प्रबंधात एक प्रकरण मोहरवाडीच्या चर्चवर होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

या चर्चला जोतंच नाही. रस्ता आणि आतली जमीन एका पातळीत. दाराला उंबरा नाही. माणूस रस्त्याने चालता चालता आत येतो, आणि आत आलो हे त्याला डोक्यावर छप्पर दिसल्यावर कळतं. शेजारचा ओढा पावसाळ्यात फुगला की पाणीही त्याच वाटेने आत येतं, सतरंज्या भिजवतं, आणि सवडीने निघून जातं. ‘बांधणाऱ्यांचं अज्ञान आणि देवाच्या घराविषयीची अनास्था,’ असं शांतवनने लिहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना दोन शब्द सुनावताना त्याचा हात अडखळला नव्हता.

पण हे सगळं नुसतं पुस्तकी होतं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल.

गेल्या श्रावणात त्याची आई वारली. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आईची पेटी चर्चमध्ये दोन स्टुलांवर ठेवली होती आणि खाली घोटाभर गढूळ पाणी होतं. शांतवन पॅंट दुमडून, अनवाणी, त्या पाण्यात उभा राहून शास्त्रपाठ वाचत होता. मागे बायका पातेल्यांनी पाणी बाहेर फेकत होत्या, आणि त्या आवाजात त्याचा आवाज बुडत होता. त्याला रडू यायला हवं होतं. त्याला राग आला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपल्या आईला देवाच्या घरात साधी कोरडी जमीन मिळू नये, हे त्याच्या मनातून गेलंच नाही. नव्या चर्चचा नकाशा त्याच महिन्यात तयार झाला.

मंडळीने ठराव केला. पाया श्रमदानाने खणायचा ठरलं. एकच गोष्ट उरली होती. मोहरवाडीच्या ख्रिस्ती आळीत अशी रीत होती की पाळकबाबांनी पहिली कुदळ मारल्याशिवाय कुणी गोठ्याची मेढसुद्धा रोवत नसे. आणि उन्हाळा लागला की शांतवनची बदली होणार होती. त्याआधी पाया भरला नाही तर नकाशा कपाटात जाणार आणि नवा पाळक त्या कपाटावर हार्मोनियम ठेवणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून गेले पंधरा दिवस तो रोज बाबांच्या ओसरीवर येत होता. बाबा नाही म्हणत नव्हते. तेच तर वाईट होतं. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

“बाबा, पाणी आत येतं. तुम्हाला दिसत नाही का?”

“दिसतं की. पायाला लागतं.”

“मग?”

“मग काय… पाण्यालाही इथं कुणी अडवत नाही.”

शांतवनने डोळे मिटून दहा आकडे मोजायला घेतले. सातव्यालाच डोळे उघडले.

“मी चर्च बांधतोय, बाबा. गंमत नाही करत. आपल्या लोकांचं देवावर किती प्रेम आहे ते लांबून दिसलं पाहिजे. पार हमरस्त्यावरून दिसलं पाहिजे.”

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे? सगळ्यांना.”

“देवाला?”

“देवाला दिसतंच आहे.”

“मग बरंय,” बाबा म्हणाले, आणि पुढची शेंग घेतली.

नकाशाची सुरळी करून ती स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावी, असं शांतवनला वाटलं. तो उठून उभा राहिला.

“कुदळ मारणार की नाही, एवढं सांगून टाका.”

“मारतो की.”

“कधी?”

“आधी जमिनीवर काढ. कागदावरचं मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे.”

मोतीबिंदू असलेल्या या माणसाने त्याच क्षणी टोपल्यातली एक किडकी शेंग नेमकी उचलून अंगणात फेकली. शांतवनने ते पाहिलं आणि गिळलं.

“चुन्याची फक्की मारून पुऱ्या मापाचं काढ,” बाबा म्हणाले. “रविवारची उपासना तिथंच घे. मंडळी तुझ्या चर्चमध्ये आत बसू दे. उपासना झाली की पहिली कुदळ माझी.”

“एवढंच?”

“एवढंच.”

इतक्या सोप्या अटीवर पंधरा दिवस का घालवले, हे विचारायचं त्याने टाळलं.

शनिवारी शांतवन सकाळपासून जुन्या चर्चशेजारच्या मोकळ्या रानात राबत होता. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, टेप धरली आणि फक्कीच्या पोत्यातून मुठी भरभरून पांढऱ्या रेघा ओढल्या. साठ फूट लांब, तीस फूट रुंद सभागृह. पुढच्या टोकाला वेदी. मागच्या टोकाला दार, दाराच्या अंगाला मनोऱ्याचा चौकोन. आणि दाराच्या बाहेर, फुटाफुटावर, सात पायऱ्यांच्या सात सरळ रेघा. दुपारी कुणाची तरी शेळी मनोऱ्यातून चालत वेदीपर्यंत गेली, तेव्हा त्याला ते सगळं पुन्हा करावं लागलं. शेळीच्या मालकाला तो जे बोलला ते पाळकाने बोलायचं नसतं.

संध्याकाळी बाबा काठी टेकत आले. रेघांच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारली.

“बेस आहे,” म्हणाले.

“आत या ना.”

“उद्या… मंडळीबरोबर.”

रविवारी थंडी छान पडली होती आणि ऊन कोवळं होतं. शांतवनने सभागृहाच्या रेघांच्या आत सतरंज्या अंथरल्या. जुन्या चर्चमधला लाकडी स्टॅंड वेदीच्या जागी नेऊन ठेवला, त्यावर शास्त्र ठेवलं. मग धुतलेला पांढरा झगा घालून तो सात रेघांपाशी येऊन उभा राहिला, लग्नघरात यजमान उभा राहतो तसा. हा आपल्या आयुष्यातला चांगला दिवस आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

माणसं आली. सवयीप्रमाणे बायका एका बाजूने, पुरुष दुसऱ्या बाजूने. चपला काढल्या. रेघांकडे पाहत घुटमळली.

सगळ्यांत पुढे रिबकाआजी होती. पंच्याऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई. तिच्या पुढे जाऊन बसायची पद्धत नव्हती.

“ह्या रेघा कशाच्या रं, पाळक?” तिने काठीने दाखवत विचारलं.

शांतवन याच प्रश्नाची वाट पाहत होता.

“पायऱ्या आहेत, आजी. सात. इथून वर चढून आत जायचं.”

आजी रेघांकडे बघत राहिली.

“वर कोन बसनार?”

“वर सगळेच बसणार. देवाचं घर आहे, आजी. सगळ्यांना मोकळं.”

“आसं देवळावालेबी म्हनायचे,” आजी म्हणाली.

आणि पहिल्या रेघेच्या अलीकडे, मातीत, पदर सावरून बसली.

शांतवनला आधी वाटलं, म्हातारी दमली. तो हसला. “आजी, इथं नाही. आत चला. सतरंजी घातलीय.”

“हितंच बरं हाये. दिसतंय की समदं.”

तिच्या मागे तिची सून बसली. सुनेच्या मागे आणखी दोघी. पुरुषांच्या बाजूला पागोटं घातलेले दोन म्हातारे एकमेकांकडे न पाहता खाली बसले. पाच-सहा तरुण पोरं मोबाइल खिशात घालत सरळ रेघांवरून आत गेली, सतरंजीवर मांड्या घातल्या, मागे वळून बघितलं. आपले आजे बाहेर मातीत बसलेत म्हटल्यावर ती एकेक करत उठली आणि खाली मान घालून परत आली.

बघता बघता सगळी मंडळी बाहेर बसली. आत साठ फूट रिकाम्या सतरंज्या.

शांतवन घाईघाईने वेदीपाशी गेला. वाटलं, उपासना सुरू केली की येतील. त्याने गीताचा आकडा सांगितला. कुणाला ऐकू गेला नाही. मोठ्याने सांगितला. अर्ध्यांनी एक गीत धरलं, अर्ध्यांनी दुसरं. प्रार्थना करताना तो ओरडत होता आणि ओरडून केलेली प्रार्थना भांडल्यासारखी वाटते हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. ‘आमेन’ कधी म्हणायचं ते न कळल्यामुळे मंडळी गप्प राहिली.

त्याने शास्त्र मिटलं.

झग्याचा घोळ हातात धरून तो तरातरा चालत दाराशी आला. पाळकबाबा कुठे आहेत म्हणून पाहिलं. ते पुरुषांच्या बाजूला, रिबकाआजीच्या मागच्या ओळीत, मातीत बसले होते. कुदळ मांडीवर आडवी.

“बाबा, तुम्ही सांगा यांना.”

“काय सांगू?”

“आत बसायला सांगा. तुमचीच अट आहे.”

“अट मी तुला घातली. यांना नाही.”

शांतवनचा संताप मस्तकात गेला. वरच्या रेघेवर उभा राहून तो खाली वाकला.

“आजी, काय चाललंय हे? मला कळेल असं सांगा. कुणी तुम्हाला अडवलं का?”

“न्हाई, लेकरा.”

“मग?”

“आमचा सासरा सांगायचा, पायरी दिसली की थांबायचं. वरून कुनी हाकलायच्या आदी आपनच थांबायचं. गावातल्या देवळाला तीनच पायऱ्या हुत्या. त्यांच्याखाली उबा ऱ्हायाचा त्यो. जत्रंला, उनात, दिसभर. वरून नारळाचा तुकडा टाकला तर त्यो झेलायचा. हात लागू द्यायचा न्हाई कुनी.”

ती हे सगळं ज्वारी निवडताना बोलावं तशा आवाजात सांगत होती.

“मग ह्यो धरम घेतला. गोरा साहेब चर्च बांधाया आला. त्यो म्हनला, ओढा जवळ हाये, जोतं उंच घेऊ, चार पायऱ्या करू. सासरा आन त्येच्यासंगं समदी म्हनली, साहेब, पायरी नगं. साहेब म्हनला, अरं पानी आत यील. ही म्हनली, पानी काढू आमी. पायरी नगं.”



शांतवन तसाच वाकलेला राहिला. ‘बांधणाऱ्यांचं अज्ञान.’ हे शब्द त्याच्याच अक्षरात, छापील पुठ्ठ्याच्या आत, त्याच्या टेबलावर होते.

“मला कुणी सांगितलं नाही हे,” तो म्हणाला. मग बाबांकडे वळला. “तुम्ही नाही सांगितलं. एवढं शास्त्र शिकवलंत. हे नाही सांगितलं.”

उत्तर आजीने दिलं.

“तुमाला कशाला सांगायचं? ठरवलंच हुतं तसं. तुमी पोरांनी पायरी बघून थांबू नये म्हनून. तू थांबला न्हाईस, बरं झालं.”



त्याचा राग पुन्हा उसळला, कारण राग नसता तर त्याला तिथेच बसावं लागलं असतं.

“पण माझी आई पाण्यात होती, आजी,” तो म्हणाला, आणि आवाज फाटला. “तिची पेटी पाण्यात होती. ते चालतं का तुम्हाला? तुम्हाला पायरी नको, म्हणून माझ्या आईखाली पाणी?”

“व्हय,” आजी म्हणाली. “मीच काढत हुते त्ये पानी. पातेलं माझंच हुतं.”

शांतवनच्या हातातला झग्याचा घोळ सुटला.

“माझ्या सासूच्या येळी तुझ्या आयनं काढलं. सात महिन्याची पोटुशी हुती, तुझ्या येळची. बस म्हनलं तर बसली न्हाई.”

शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या श्रावणात जे यायला हवं होतं ते आत्ता, भर मंडळीपुढे, सात रेघांच्या वर उभं असताना आलं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. झग्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले. समोर सगळी मंडळी त्याच्याकडे मान वर करून बघत होती. मधे सात फूट जमीन होती, अगदी सपाट. शेतातली ढेकळं, थोडं वाळलेलं गवत आणि कालच्या शेळीच्या लेंड्या.

आपण पळत खाली जावं आणि आजीच्या शेजारी बसावं असं त्याला वाटलं. आणि सत्तर फुटांचा मनोराही त्याला हवा होता. हमरस्त्यावरून दिसणारा. दोन्ही एकाच वेळी हवं असण्याची त्याला भयंकर चीड आली.

“पाय उचलून बघा तरी,” तो काकुळतीने म्हणाला. “इथं उंच काहीच नाहीये. बाबा, तुम्हीसुद्धा? तुम्ही तरी शिकलेले आहात. अहो, ही पायरी नाही. ही नुसती फक्की आहे. मी काल हाताने टाकलीय. फुंकर मारली तरी उडून जाईल.”

पाळकबाबांनी मांडीवरची कुदळ बाजूला मातीत ठेवली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मार की मग फुंकर.”